उसने दगड

वाख काढायचा दिवस आला की त्या घरातली माणसं एकमेकांपासून चार हात लांब बसून जेवत. कुजलेल्या तागाचा वास अंगात असा मुरतो की साबणसुद्धा हात टेकतो. पण वास हे नुसतं निमित्त होतं. एकमेकांजवळ बसावंसं वाटत नव्हतं, हे खरं कारण.

दोरवाल्यांची सून सकाळपासून कुंडात मांड्यांपर्यंत काळ्या पाण्यात उभी होती. तळातून भारा शोधायचा, ओढून काठाला आणायचा, वर उभ्या नवऱ्याकडे द्यायचा. नवरा तो फळीवर आपटून काडीवरची साल सोलायचा. ती लांबलचक ओली साल म्हणजे वाख, आणि वाख वाळला की त्याचा दोर. ताग पाण्यावर तरंगतो, म्हणून भिजत घातलेल्या भाऱ्यांवर दगड रचावे लागतात. ते काम सासऱ्याचं. दगड आणायचे त्याने, रचायचे त्याने, काढायचेही त्यानेच. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे.

"सांग तिला," सासरा काठावरून बायकोला म्हणाला, "भारा मधे धर म्हणावं. टोकाला धरला की काड्या मोडतात."

सासू आणि सून यांच्यात जेमतेम एका भाऱ्याचं अंतर होतं. "ऐकलंस का? मधे धर म्हणतायत."

"ऐकलं. बहिरी नाही मी."

"मग मला कशाला सांगतेस? मी काय टेलिफोन आहे?"

नवरा हसला नाही. पूर्वी हसला असता. सुनेने पुढचा भारा मधे धरून उचलला, तेव्हा त्यातलं काळं पाणी तिच्या गळ्यावरून आत उतरलं. सासऱ्याने तेही पाहिलं आणि तोंड फिरवलं.

हा अबोला दोन वर्षांचा होता. त्याआधी त्यांचा ताग, त्यांच्या आजा-पणजापासून, ओढ्याच्या डोहातच कुजायचा. मग एका उन्हाळ्यात डोहातले मासे पोट वर करून तरंगले, ओढ्याकाठच्या विहिरीला वास यायला लागला आणि निम्मी मुलं जुलाबाने आडवी झाली. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाईने तेव्हा चार माणसं जमवली आणि ओढा तपासायला सुरुवात केली. सून पहिल्यांदा गेली ती गंमत म्हणून. मग तिला त्याचा नादच लागला. आणि पुढे एका बैठकीत, सासरा समोर बसलेला असताना, तीच उठून म्हणाली की आमचा ताग ओढ्यातून बाहेर काढायला हवा.

घरच्या सुनेनेच म्हटल्यावर गावाला आणखी काय हवं होतं? विहिरीपासून लांब, शेताच्या वरच्या टोकाला, दोरवाल्यांनी स्वतः कुंड खणायचं आणि त्याचं पाणी ओढ्यात न सोडता शेतात सोडायचं, असं ठरलं. वाहत्या पाण्यातला वाख सोनेरी निघतो, साचलेल्या पाण्यातला काळपट. दोराच्या व्यापाऱ्याने पहिलं वेटोळं हातात घेऊन नाक मुरडलं होतं. "हा दोर आहे की गटारातून काढलेला साप?" सासऱ्याने ते वेटोळं खांद्यावर टाकून परत आणलं, पडवीत आपटलं, आणि त्या दिवसापासून सुनेशी एक शब्द बोलला नाही.

संध्याकाळी कुंड रिकामं झालं. काठावर दगडांचा ढीग उरला. दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत काठ झाडून ठेवल्यासारखा साफ झाला होता. दगड गेले कुठे, हे विचारायची कुणाला फुरसत नव्हती. सुनेने विचारलं असतं तरी तिला उत्तर कोण देणार होतं?

त्याच दिवशी तपासणीची पाळी होती.

तपासणी म्हणजे काही मोठी विद्या नव्हे. ओढा ओलांडायच्या दोन उथळ जागा होत्या. त्यांना लोक वरचा उतार आणि खालचा उतार म्हणत. दोन्हीकडे पाणी घोट्याएवढं, खळाळतं. तिथले दगड उचलायचे, खालची बाजू पांढऱ्या ताटात धुऊन घ्यायची आणि कोणते किडे पडतात ते मोजायचे. तीन शेपट्यांचे पडले आणि बारीक खड्यांचं घर पाठीवर घेऊन फिरणारे पडले, तर पाणी चांगलं. घाण आली की हे आधी मरतात. बाटलीत धरलेलं पाणी त्या घटकेचं सांगतं, दगडाखालचे किडे महिन्याभराचं सांगतात, असं नर्सबाई म्हणायची आणि ते खरंही होतं. दगडांच्या पायी सुनेला गावात दगडवाली म्हणायला लागले होते. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतपत मोठ्याने.

वरच्या उताराला तिने पहिला दगड उचलला. ताटात काही पडलं नाही. दुसरा, तिसरा. काही नाही. दगडांच्या खालच्या बाजूला काळा बुळबुळीत थर होता.

"वास बघ," नर्सबाई म्हणाली. तिचं स्वतःचं नाक सर्दीने चोंदलं होतं. "कसला येतोय?"

सुनेने दगड नाकाशी नेला. "मला नका विचारू बाई. काल दिवसभर कुंडात होते. मला जेवणालासुद्धा कुंडाचाच वास येतोय."

गिरणीवाला तिसरा. त्याला उकिडवं बसवत नसे, म्हणून तो काठावरून ताट धरायचा. त्याने लांबूनच हुंगलं. "काहीतरी मेलेलं कुजतंय, इतकं नक्की."

वरच्या उताराच्या वर ओढ्याकाठी एकच माणूस राहत होता. कोंबडीवाला. त्याच्या दोन लांब शेड, पाण्याची पाइपलाइन आणि चढावरची बेढब टाकी उतारावरून दिसत होती. तिघांनीही तिकडे पाहिलं.

खालच्या उताराला मात्र किडे होते. भरपूर होते. ताटात वळवळ नुसती.

"हे उलटं कसं?" गिरणीवाला म्हणाला. "वर मेलेले आणि खाली जिवंत?"

"वरची घाण अजून खाली पोचली नसेल," नर्सबाई म्हणाली.

सुनेच्या मनात काहीतरी खटकलं. पाणी वरून खाली येतं. वर मेलं ते खाली वाचेल कसं? पण महिन्यापूर्वीच कोंबडीवाल्याने भर रस्त्यात तिला हाक मारली होती. "ए दगडवाली, आधी सासऱ्याच्या घाणीतले किडे मोज, मग माझ्याकडे बघ!" चहाच्या टपरीवरची सगळी माणसं खो खो हसली होती. तो हशा अजून तिच्या कानात होता. ओढ्याची घाण कोंबडीवाल्याची निघावी, असं तिला वाटत होतं. मनापासून वाटत होतं. म्हणून जे खटकलं ते तिने खटकू दिलं नाही.

निकाल गिरणीच्या भिंतीवरच्या फळ्यावर लिहायची रीत होती, म्हणजे दळण घ्यायला आलेला प्रत्येकजण वाचतो. नर्सबाईने लिहिलं: वरचा उतार, किडे नाहीत, पाणी पिऊ नये. खडू खाली ठेवून ती हात झटकत होती, तेवढ्यात सुनेने तो उचलला आणि खाली आपल्या अक्षरात एक ओळ घातली: उताराच्या वर कोंबड्यांच्या शेडशिवाय काही नाही.

"हे नको," नर्सबाई म्हणाली.

"खोटं आहे का?"

नर्सबाईने खांदे उडवले. ओळ राहिली.

दुसऱ्या दिवशी कोंबडीवाला गिरणीवर आला तो हातात काचेचा मोठा जग घेऊन. अंगाने आडवा, गळ्याशी कायम घामाचा पट्टा, आणि आवाज असा की गिरणी चालू असतानाही ऐकू यावा. सून दळणाच्या रांगेत होती.

"हे वरच्या उताराचं पाणी," त्याने जग सगळ्यांपुढे धरला. "आत्ता भरून आणलंय." आणि तो घटाघटा प्यायला. पाणी हनुवटीवरून छातीवर ओघळलं. जग पालथा करून त्याने दाखवला. "उद्या मेलो तर तसं फळ्यावर लिहा. नाही मेलो तर," तो सुनेकडे वळला, "ही ओळ तू जिभेने पुसायचीस. ऐकलंस, दगडवाली?"

"उद्या मान टाकेल बघ कोंबडीसारखी," रांगेतून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. या वेळी हशा त्याच्यावर होता. सून खाली बघून हसली. तिला बरं वाटलं, अगदी पोटातून बरं वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

कोंबडीवाला मेला नाही. पण त्याची अंडी घ्यायचं गावाने बंद केलं. मग कुणीतरी त्याची पाइपलाइन फोडली. कुणी ते कधीच कळलं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलं आणि कुणी बोललं नाही. भर उन्हाचे दिवस होते. पत्र्याच्या शेडमध्ये पाण्यावाचून कोंबड्या चोची उघड्या टाकून एकमेकींवर पडत गेल्या. दुपार कलली तेव्हा त्याने आणि त्याच्या बायकोने मेलेल्या कोंबड्या हातगाडीवर घातल्या आणि दोरवाल्यांच्या वाटेच्या तोंडाशी आणून ओतल्या. वाट त्याच्या जमिनीतून जायची. इतकी वर्षं दोरवाल्यांची गाडी तिथून गेली, त्याने कधी हरकत घेतली नव्हती. आता पांढऱ्या पिसांच्या ढिगाऱ्यामागे त्याने ट्रॅक्टर आडवा लावला.

"गाडी आणायची असेल तर ह्यांच्यावरून आणा," तो म्हणाला.

उभा ताग कापायला आला होता. पुढच्या खेपेचा ताग नवऱ्याने डोक्यावर वाहिला, लांबच्या वाटेने, टेकाड चढून. ओल्या तागाचा भारा काही हलका नसतो. रात्री त्याला मान वळवता येईना. सुनेने तेल गरम करून आणलं, तर त्याने वाटी बाजूला सारली.

"एक ओळ लिहिलीस," तो म्हणाला, "आणि माझी मान गेली."

"पाइप मी फोडला नाही."

"नाही. तू नुसती लिहितेस. फोडणारे दुसरे असतात."

सासू आतून म्हणाली, "तेल ठेव बाजूला. गरम केलंय तर वाया नको. मी लावते त्याला."

ती खेप भिजली, कुजली, काढून झाली. पुन्हा काळ्या पाण्यात सून, पुन्हा काठावर दगडांचा ढीग, पुन्हा "सांग तिला". एवढ्यात बैठकीचं ठरलं. कोंबडीवाल्याच्या शेड ओढ्याकाठावरून हलवायच्या की बंदच करायच्या, एवढाच काय तो प्रश्न होता. गिरणीवाला सुनेला म्हणाला, "तू सांग फक्त, काय पाहिलंस ते. बाकी आम्ही बघतो."

बैठकीच्या दिवशी सकाळी तिला घरात बसवेना. लोकांपुढे उभं राहायचं तर वरचा उतार आणखी एकदा बघून घ्यावा, म्हणून उजाडताच ती ताट घेऊन निघाली. बाभळींच्या आडून उतार दिसला आणि ती थांबली. पाण्यात सासरा उभा होता. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय काडीसारखे. काठावर घमेलं होतं, घमेल्यात कुंडाचे दगड. म्हातारा एकेक दगड दोन्ही हातांनी उचलायचा, पाण्यात वाकायचा, खड्डा चाचपायचा, दगड हवा तसा फिरवून त्यात बसवायचा आणि वरून तळव्याने दाबायचा. मूल झोपवावं इतक्या हलक्या हाताने. तिच्याशी तो इतक्या हलक्या हाताने कधी वागला नव्हता.

"मामंजी! हे काय करताय?"

सासरा दचकला. सवयीने त्याने आजूबाजूला पाहिलं, निरोप द्यायला कुणी आहे का म्हणून. कुणी नव्हतं.

"दिसत नाही?" तो म्हणाला. दोन वर्षांनी तिच्याशी बोललेले हे त्याचे पहिले शब्द. "ओढ्याचे दगड उसने घेतले होते. परत ठेवतोय. जो जिथला तो तिथे. माझ्या बापानेसुद्धा ओढ्याचा दगड कधी बाहेर टाकला नाही. ओढ्याची काळजी काय तुम्हालाच आहे, ताटवाल्यांना?"

"दर वेळी इथलेच घेता?"

"पूर्वी डोहातले घ्यायचो. तूच कुंड वर न्यायला लावलंस. मग जवळचे हेच."

सून पाण्यात उतरली. त्याने नुकताच बसवलेला दगड तिने उचलला. खाली काळा बुळबुळीत थर. या वेळी वाख काढून दोन-तीन दिवस झाले होते, नाक ठिकाणावर होतं. कुंडाचा वास. दुसरा कुठलाही नाही. तिने हातभर पलीकडचा, शेवाळ धरलेला, रुतून बसलेला दगड उपटला आणि ताटात धरला. तीन शेपट्यांचे किडे सैरावैरा पळायला लागले. खड्यांची घरं घरंगळली. तिने आणखी एक उपटला. आणखी एक. सगळे भरलेले.

ती तशीच पाण्यात बसली.

"काय झालं?" सासऱ्याने विचारलं.

"कुंडात पंधरा दिवस पडलेल्या दगडांवर ओढ्यातले किडे कुठून असणार?" ती म्हणाली. "तुम्ही परत ठेवलेत आणि मी तेच मोजले, मामंजी. पाण्याला काही झालेलं नाही. त्याच्या कोंबड्यांनी काही केलेलं नाही."

सासऱ्याला उलगडायला वेळ लागला. मग त्याचा चेहरा आवळत गेला.

"गप्प बसायचं," तो म्हणाला.

"मामंजी—"

"गप्प बसायचं म्हणतो ना! मागे तोंड उघडलंस, ओढा गेला. आता उघडलंस तर कुंड जाईल. मग दोर कशाचा वळू? तुझ्या केसांचा?"

"त्याच्या कोंबड्या मेल्या."

"कोंबड्या मरायलाच असतात. आणि त्याने आपली वाट अडवलीय, ते विसरलीस?" त्याने रिकामं घमेलं उचललं. "माझे दगड चुकीचे नव्हते. दगड जागच्या जागी ठेवले, त्यात माझं काय चुकलं? तुला मोजता आलं नाही."

एवढं बोलून तो गेला. आणि हे मात्र खोटं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. तिला जर त्याच्याशी एक वाक्य बोलता आलं असतं, मामंजी, दगड कुठून आणता, एवढंच, तर एकही कोंबडी मेली नसती. एका घरात राहून, एका चुलीवरचं खाऊन, दोघांनी मिळून अख्ख्या गावाला फसवलं होतं आणि दोघांनाही पत्ता नव्हता.

ती घरी पोचेपर्यंत सासऱ्याने सगळं सांगून टाकलं होतं. नवरा दारात उभा होता, मान एका बाजूला कलती.

"तू बैठकीला जायचं नाहीस," तो म्हणाला. "अंग दुखतंय म्हणून सांगतो मी."

"आणि त्याच्या शेड बंद पडल्या म्हणजे?"

"पडू दे. आपलं बंद पडण्यापेक्षा बरं."

"पुढच्या खेपेला पुन्हा तेच दगड, पुन्हा किडे नाहीत. मग कुणाला बंद करायचं?"

नवरा तिच्यावर ओरडला. सासू चुलीपाशी बसली होती, ती वळलीसुद्धा नाही. "जायचं तर जा बाई. पण परत आल्यावर ताट वाढून ठेवलेलं असेल, या भ्रमात राहू नकोस."

ती गेली. एका बादलीत कुंडाचा दगड, दुसऱ्या बादलीत ओढ्याच्या पाण्यात बुडवलेला ओढ्याचा, काखेत ताट. दोन्ही हात ताणले गेले होते आणि पाणी पायांवर सांडत होतं.

गिरणीच्या अंगणात माणूस मावत नव्हता. कोंबडीवाला एका कडेला बायकोसह उभा, हाताची घडी घालून. त्याच्या आजूबाजूला जागा मोकळी होती. गिरणीवाल्याने खूण केली तशी सून पुढे झाली.

"मी लिहिलेलं चूक आहे," ती म्हणाली. मागच्यांना ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. मग कुंडाचा दगड बादलीतून काढून पुढच्या माणसाच्या हातात दिला. "वास घ्या. घ्या आणि पुढे द्या."

दगड हातोहात फिरला. गावात असं एक नाक नव्हतं ज्याला तो वास ओळखता येत नव्हता. "हा तर दोरवाल्यांच्या कुंडाचा!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि मग तिला पुढचं सांगायला फार थोडं उरलं. तिने तेही सांगितलं. दगड कोण न्यायचं, परत कुठे ठेवायचं, तिने न बघता कसे मोजले, सगळं. ओढ्याचा दगड ताटात धुऊन दाखवला. पुढच्यांनी वाकून बघितलं. मागच्यांना बघायचंच नव्हतं.

"म्हणजे सासरा दगड बाटवून ठेवतो आणि सून मोजते! चांगला धंदा आहे."

"दोन वर्षं आम्हाला पाणी शिकवतायत!"

"म्हातारा कुठाय? बोलवा त्याला!"

म्हातारा तिथेच होता, भिंतीला टेकून. त्याच्या शेजारची माणसं बाजूला झाली. ज्यांनी त्याच्या दोराने जन्मभर विहिरीतून पाणी ओढलं, त्यांनी त्याच्या बापापर्यंत सगळं काढलं. तो ऐकत राहिला. त्याने एकदाच तोंड उघडलं. "परत ठेवले. चोरले नव्हते." ते कुणी ऐकून घेतलं नाही.

नर्सबाई सुनेजवळ आली. "या लोकांना हा फळा वाचायला लावायला मला दोन वर्षं लागली. आता उद्या विहिरीत खरंच विष पडलं आणि मी लिहिलं, तर कोण विश्वास ठेवणार?"

"मग काय, गप्प बसायला हवं होतं?"

"लिहायच्या आधी डोकं चालवायला हवं होतं! तू. आणि मीही." असं म्हणून नर्सबाईने तोंड फिरवलं आणि ती गर्दीतून बाहेर पडली.

कोंबडीवाला सावकाश पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती, आनंद तर नव्हताच.

"माझ्या कोंबड्या उठव," तो म्हणाला.

सुनेने ताट खाली ठेवलं.

"नाही ना जमत? मग ती ओळ पूस."

ती फळ्याकडे गेली आणि तळवा लावायला हात उचलला.

"जिभेने म्हणालो होतो."

जाऊ दे रे, असं कुणीतरी म्हणेल म्हणून ती क्षणभर थांबली. नवरा दारापाशी होता. त्याने चपलेकडे पाहिलं. पाइप ज्यांनी फोडला तेही तिथेच होते, पुढच्या रांगेत.

तिने बोट जिभेला लावलं आणि पहिलं अक्षर पुसलं. पुन्हा बोट जिभेला, पुन्हा अक्षर. खडूची माती जिभेवर चढत गेली. ओळ लांब होती. लिहिताना इतकी लांब वाटली नव्हती. शेवटी शेवटी थुंकी सुकली तरी ती थांबली नाही. आणि ओळ संपेपर्यंत कोंबडीवाला तिथून हलला नाही.

बैठकीने ठरवलं: या हंगामात दोरवाल्यांचं कुंड बंद. पुढच्या वर्षी पाहू. पाइप दोरवाल्यांच्या मुलाने जोडून द्यायचा. फोडणाऱ्यांचा विषय निघालाच नाही. तपासणी बंद करा, असंही बरेच जण म्हणाले. तेव्हा कोंबडीवाला म्हणाला, "बंद कशाला? चालू दे. पण माझ्यासमोर. आणि मोठ्याने."

उरलेला ताग शेतात उभ्याउभ्या वाळून गेला. सासऱ्याने पुन्हा अबोला धरला, पहिल्यापेक्षा घट्ट. आता तर तो "सांग तिला"सुद्धा म्हणेना. दिवसभर पडवीत बसून व्यापाऱ्याने परत पाठवलेल्या काळ्या दोराचे तुकडे करायचा आणि सकाळी उठून कुठेतरी जायचा. कुठे, ते तिने या वेळीही विचारलं नाही. ही हिंमत तिच्यात नव्हती.

तपासणीचा दिवस आला. नर्सबाई आली नाही. गिरणीवाल्याने ताट दिलं, पण दारातूनच, आणि तिची पाठ वळायच्या आत दार लोटलं. ती एकटीच वरच्या उताराला गेली. कोंबडीवाला वरच्या काठावर अंड्यांचा रिकामा खोका पालथा घालून बसला होता. खालच्या बाजूला, कुंडाच्या कोरड्या काठावर, सासरा पाठमोरा बसून काहीतरी गाठी मारत होता. नवरा वर पाइप जोडायला गेला होता. सासू घरी होती.

"मोज," कोंबडीवाला म्हणाला. "किती निघतात ते मला ऐकू आलं पाहिजे."

सून पाण्यात वाकली आणि वाकलेलीच राहिली. समोरच्या दगडाला काळ्या दोराचा एक वेढा होता, वरच्या अंगाला पक्की गाठ. शेजारचा दगड मोकळा. त्यापलीकडच्याला पुन्हा वेढा. तिने उतारभर नजर फिरवली. म्हाताऱ्याने कुंडात नेलेला एकूण एक दगड ओळखून काढला होता आणि पाण्यात जागच्या जागी खुणेसाठी बांधून ठेवला होता, कुणी चुकून त्याच्याखाली मोजू नये म्हणून. गाठी इतक्या सारख्या होत्या की हात दुसऱ्या कुणाचा असूच शकत नव्हता.

तिला रडू आलं. वर कोंबडीवाला बसला होता, म्हणून तिने ते गिळलं. तिने मोकळा दगड उपटला आणि ताटात धुतला.

"एक," ती म्हणाली. "दोन. तीन, चार."

"मोठ्याने!" कोंबडीवाला वरून ओरडला.

"पाच. सहा."

मग खालून आवाज आला. म्हाताऱ्याने मान वळवली नव्हती, हातातली गाठ सोडली नव्हती, आणि त्याच्या आणि तिच्या मध्ये वाहत्या पाण्याशिवाय कुणीही नव्हतं.

"सांग तिला," तो म्हणाला, "मलाही ऐकू येत नाही."

तिने आवाज चढवला आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.